भावी बेतांविषयीचे प्रश्न (इंग्रजी व्याकरण)

पुढे काय करायचे ठरले आहे हे इंग्रजीत विचारण्यासाठी ज्या प्रश्नार्थक रचना वापरतात, त्यांचा हा विषय. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा स्वतंत्र प्रत्यय नाही. मराठीत ‘जाईन’, ‘जाशील’ अशी रूपे धातूपासूनच होतात. इंग्रजीत ते काम सहायक क्रियापदे आणि वर्तमानकाळाची रूपे आपसात वाटून घेतात. म्हणूनच इंग्रजीत खरा भविष्यकाळ नाहीच, असे डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन (1860–1943) यांच्यासारख्या व्याकरणकारांचे मत होते. प्रश्न विचारताना कोणती रचना निवडायची, हे मुख्यतः समोरच्याचे काही ठरले आहे असे आपण कितपत गृहीत धरतो, यावर अवलंबून असते.

वाक्य प्रश्नार्थक करण्याची रीत सगळीकडे एकच: सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आणायचे. ‘यू आर लीव्हिंग’चे ‘आर यू लीव्हिंग?’ होते आणि प्रश्नशब्द असेल तर तो सर्वांत पुढे जातो: ‘व्हेन आर यू लीव्हिंग?’ शेक्सपियरच्या काळात मुख्य क्रियापदही कर्त्याच्या आधी येऊ शके. आज सहायक क्रियापद नसेल तिथे ‘डू’ किंवा ‘डज’ आणावे लागते. मराठीत ‘तू कधी निघणार आहेस?’ असे विचारताना शब्दांची जागा हलत नाही. त्यामुळे ‘व्हेन यू आर लीव्हिंग?’ हा प्रश्न आपल्याकडे पदवीधरांच्या तोंडूनही ऐकू येतो.

बेत पक्का असेल, वेळ किंवा माणसे ठरली असतील, तर चालू वर्तमानकाळ वापरतात: ‘व्हॉट आर यू डूइंग ऑन सॅटरडे?’ यातला ‘ऑन सॅटरडे’ काढला, तर प्रश्न आत्ता चाललेल्या कामाविषयी होतो. हा प्रश्न बरेचदा आमंत्रणाची किंवा एखादे काम गळ्यात घालण्याची पूर्वतयारी असतो. म्हणून ‘शनिवारी काय करतोयस?’ या प्रश्नावर आपण जसे सावधपणे ‘का रे?’ म्हणतो, तसाच इंग्रज माणूसही आधी ‘व्हाय?’ म्हणतो.

मनात ठरले आहे, पण व्यवस्था झालेली असेलच असे नाही, तिथे ‘गोइंग टू’ येते: ‘आर यू गोइंग टू अप्लाय फॉर दॅट जॉब?’ जाण्याच्या क्रियेवरून हेतूकडे वळलेला हा प्रयोग 15व्या ते 17व्या शतकांच्या दरम्यान रुळला. बोलताना त्याचे ‘गॉना’ होते. ‘आर यू एव्हर गोइंग टू फिक्स दॅट टॅप?’ यात मात्र चौकशी नावालाच आहे, उरलेला सगळा टोमणा.

‘विल’ हे मराठी विद्यार्थ्याला सर्वांत आधी भेटते आणि सर्वांत जास्त चकवते. ‘शॅल, विल म्हणजे भविष्यकाळ’ हे शाळेतले सूत्र विधानांपुरते निभावून जाते, प्रश्नांत नाही. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणे. अँग्लिकन चर्चच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकात लग्नाच्या वेळी वराला ‘विल्ट दाउ हॅव धिस वुमन’ असे विचारतात आणि तो ‘आय विल’ म्हणतो. तिथे संमती विचारली जाते, वेळापत्रक नव्हे. आजही ‘विल यू कम?’ हा बहुधा विनंतीचा किंवा आमंत्रणाचा प्रश्न असतो. मराठीत हा फरक आपण न शिकताच पाळतो: ‘येशील का?’ ही गळ, ‘येणार आहेस का?’ ही चौकशी. दुसऱ्यासाठी इंग्रजीत ‘आर यू कमिंग?’ हवे. ‘विल यू मॅरी मी?’ऐवजी ‘आर यू गोइंग टू मॅरी मी?’ म्हटले, तर मागणी घातली जात नाही, जाब विचारला जातो.

अडचणीत न टाकता विचारायचे असेल, तेव्हा ‘विल यू बी’ला ‘इंग’रूप जोडतात. ‘विल यू बी यूजिंग द कार टुमॉरो?’ म्हणजे तुमचे जे काही चालणार आहे तेवढेच सांगा, माझ्यासाठी काही बदलू नका. हॉटेलात ‘हाऊ लाँग विल यू बी स्टेइंग?’ असे विचारतात ते याच अदबीने. गाड्या, सिनेमाचे खेळ, परीक्षा यांच्या ठरीव वेळांसाठी साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘व्हॉट टाइम डज द ट्रेन लीव्ह?’

‘शॅल’चा प्रश्न आज प्रथमपुरुषातच उरला आहे आणि तोही सूचनेचा किंवा मदतीचा: ‘शॅल वी गो?’ म्हणजे निघू या का, ‘शॅल आय वेट?’ म्हणजे थांबू का. प्रथमपुरुषी ‘शॅल’ नुसते भाकीत करते आणि ‘विल’ वचन किंवा धमकी देते, हा भेद इंग्रज व्याकरणकार जॉन वॉलिस यांनी 1653 मध्ये मांडला. पुढे प्रश्नांसाठी असा दंडक आला की, उत्तरात जे रूप अपेक्षित तेच प्रश्नात घालावे. ‘आय शॅल’ हे उत्तर हवे तर ‘शॅल यू?’ विचारावे. तो आता कोणी पाळत नाही. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये तर ‘शॅल आय’च्या जागी सर्रास ‘विल आय’ म्हणतात: ‘विल आय मेक द टी?’

प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम पुन्हा सरळ होतो: ‘डू यू नो व्हेन शी इज लीव्हिंग?’ उलटा क्रम घोटून घोटून शिकलेले नेमके इथे ‘व्हेन इज शी लीव्हिंग’ म्हणतात.