पंख तेच, चेहरा वेगळा: जुन्या थडग्यांवरची कवटी आणि करूब

अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडच्या जुन्या दफनभूमींत, गवतातून वर आलेल्या काळसर शिळांच्या रांगा दिसतात. प्रत्येकीला वर मधोमध कमान आणि दोन्ही बाजूंना आखूड खांदे. पलंगाची डोक्याकडची फळी असावी तसा हा आकार, आणि पायथ्याशी बहुतेकदा एक छोटी शिळाही असे. म्हणजे मधला माणूस झोपला आहे, असंच ते सुचवणं. कमानीत एक चेहरा आणि त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेले पंख. बोस्टनच्या ग्रॅनरी किंवा कॉप्स हिल दफनभूमीत फिरणारे पुष्कळ लोक हे सगळे चेहरे सरसकट देवदूत समजतात, नाहीतर सगळ्यांनाच कवट्या म्हणून पुढे जातात. ही दोन निरनिराळी चित्रं आहेत: एक पंखवाली कवटी, दुसरं करूब, म्हणजे बाळासारख्या देवदूताचं पंख असलेलं गुबगुबीत मुख.

ओळखायचं असेल तर पंखांकडे बघूच नका. ते दोन्हीकडे जवळजवळ सारखेच असतात. एकाच पाथरवटाने दोन्ही चित्रांसाठी तेच पंख वापरल्याचंही दिसतं. नाक आणि तोंड बघा. कवटीचं नाक म्हणजे एक त्रिकोणी खाच, डोळे म्हणजे गोल खोबण्या आणि खाली दातांची उघडी रांग. खालचा जबडा पुष्कळदा कोरलेलाच नसतो, त्यामुळे ती दात विचकून हसते आहे असं वाटतं. करूबाला मांसल गाल असतात, खरं नाक, मिटलेले ओठ, डोळ्यांत बुबुळं आणि बऱ्याचदा कुरळे केस.

इतकं सोपं असतं तर लोक फसले नसते. मध्ये एक मोठा संधिप्रदेश आहे. बोस्टनलगतच्या चार्ल्सटाउनमधल्या लॅमसन या पाथरवट घराण्याच्या कामांत कवट्यांना चक्क वळणदार भुवया आहेत. हाडाला भुवया! पण त्या भुवयांमुळेच ती कवटी आपल्याकडे रोखून बघते. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ भागातल्या खेड्यांत याहून मजेदार प्रकार घडला. तिथल्या कारागिरांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या कवटीचे दात आखूड होत गेले, तोंडाला पत्त्यांतल्या बदामाचा आकार आला आणि डोक्यावर केस ताठ उभे राहिले. असा चेहरा कुठल्या खान्यात घालायचा? माझ्या मते कुठल्याच नाही. तो वाटेवरचा आहे आणि मला या सगळ्यांत तोच सर्वांत आवडतो, कारण त्याच्यावर नियमापेक्षा माणसाचा हात जास्त दिसतो.

कोणतं चित्र कधीचं, याचा ढोबळ क्रम ठरलेला आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या मध्यापर्यंत कवटीचं राज्य, मग करूब, आणि शतक संपता संपता रक्षापात्र व त्यावर झुकलेलं, लोंबत्या फांद्यांचं विलो झाड. जेम्स डीट्झ आणि एडविन डेथलेफसेन या अभ्यासकांनी १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या दफनभूमी पालथ्या घालून हे आलेख काढले. थडग्यावर तारीख कोरलेली असते, त्यामुळे एखादी नक्षी कशी उगवते, भरात येते आणि मावळते हे तपासायला पुरातत्त्वाला इतकी चांगली सामग्री क्वचितच मिळते.

मात्र तारखेवर डोळे झाकून विसंबू नये. कोरलेली तारीख मृत्यूची असते, दगडाची नव्हे. घरच्यांकडे पैसे जुळेपर्यंत शिळा काही वर्षं उशिरा लागल्याची उदाहरणं आहेत. मृताच्या मालमत्तेच्या हिशेबात पाथरवटाला दिलेल्या रकमेची नोंद सापडली तर खरा काळ कळतो. शिवाय क्रम सगळीकडे एकाच वेळी बदलला नाही. बोस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये करूब लवकर आला आणि तोही आधी वरच्या थरातल्या लोकांच्या थडग्यांवर, ज्यांचा इंग्लंडमधल्या चालीरीतींशी संबंध होता. बाजूच्या खेड्यांत तेव्हा कवटीच चालू होती.

हा बदल का झाला, याचं नेहमीचं उत्तर असं: इथे वसलेल्या प्युरिटन या कडक प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांना मृत्यूची भीती दाखवायची होती, म्हणून कवटी, पुढे १७३० आणि १७४० च्या दशकांतल्या धार्मिक जागृतीने मोक्षाची आशा वाढवली, म्हणून करूब. यात तथ्य आहे, पण मला ते जरा जास्तच सुटसुटीत वाटतं. नुसती भीतीच घालायची तर कवटीला पंख कशाला? पंख आहेत म्हणजे उडून जाणारं काहीतरी तिथेही मानलेलं आहे. आणि ज्यांच्या प्रार्थनागृहात एकही चित्र चालत नसे, त्यांनी थडग्यावर चित्र खपवून कसं घेतलं? दफनभूमी गावाची होती, चर्चची नव्हे, आणि दफन हा त्यांच्या लेखी संस्कार नव्हता. त्यामुळे तिथे पाथरवटाला मोकळीक होती. कवटी ही मर्त्य वस्तू, ती कोरण्यात मूर्तिपूजेचा धोका नाही. स्वर्गातल्या करूबाचं चित्र काढणं मात्र जुन्या मंडळींना अवघड वाटलं असणार. बोस्टनमधल्या किंग्ज चॅपलच्या दफनभूमीत जोसेफ टॅपिंग याची १६७८ ची शिळा आहे. तिच्यावर हाडांचा सापळा मेणबत्ती विझवायला निघाला आहे आणि दाढीवाला काळपुरुष त्याला अडवतो आहे. धाकच दाखवायचा तर इतकं नाट्य लागत नाही.

लेखही चित्राबरोबर सरकतात. कवटीखाली बहुधा ‘येथे अमक्याचा देह पुरला आहे’ असा रोखठोक मजकूर असतो. विलोच्या झाडाखाली ‘अमक्याच्या स्मरणार्थ’ येतं आणि देहाचा उल्लेख गळतो. करूबाखाली दोन्ही आढळतात, त्यामुळे मजकुरावरून करूब ओळखायला जाऊ नये.

कोरणाऱ्यांची नावं शिळांवर क्वचितच असतात. म्हणून ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टमधली एक शिळा विशेष वाटते. तिथे १७०५ पासून चालत आलेल्या स्टीव्हन्स कार्यशाळेत पाँपी स्टीव्हन्स नावाचा आफ्रिकी वंशाचा गुलाम दगड कोरत असे. १७६८ मध्ये वारलेल्या कफी गिब्ज या आपल्या भावाच्या शिळेवर त्याने स्पष्ट लिहिलं, की ही शिळा पाँपी स्टीव्हन्सने आपल्या भावाच्या स्मरणार्थ कोरली. दोघा भावांची आडनावं वेगवेगळी आहेत, कारण ती मालकांची आहेत. न्यूपोर्टच्या सार्वजनिक दफनभूमीत आफ्रिकी लोकांसाठी राखलेल्या भागात ही शिळा आहे.

तीनशे वर्षांनंतरही हे दात आणि भुवया मोजता येतात याचं श्रेय दगडाला. बोस्टनकडच्या शिळा पाटीच्या दगडाच्या आहेत. त्याचे कण इतके बारीक की टाकीची रेघ धारदार उतरते, आणि आम्लयुक्त पावसाला तो फारशी दाद देत नाही. त्याचं दुखणं वेगळं: थरांमध्ये पाणी शिरून गोठलं की पापुद्रा सुटतो आणि एखाद्या हिवाळ्यात अख्खा चेहरा गळून पडतो. पुढे फॅशन म्हणून आलेला संगमरवर चुनखडीच्या जातीचा. पाऊस त्याला विरघळवतो आणि अक्षरं साखरेसारखी भुरभुरतात. म्हणून कित्येक दफनभूमींत १७२० ची कवटी ठसठशीत आणि १८५० चं नाव वाचता येत नाही, असा उलटा प्रकार दिसतो.

प्रत्यक्ष बघायला गेलात तर पुसट चेहऱ्यावर कागद ठेवून पेन्सिल घासू नका. बोस्टनच्या ऐतिहासिक दफनभूमींत त्याला मनाई आहे, कारण सुटत आलेला पापुद्रा त्या दाबानेही निघतो. अक्षरं उठून दिसावीत म्हणून दाढीचा फेस चोपडण्याची युक्तीही दगडाला घातकच. आरसा न्या, आणि ऊन बाजूने तिरपं पाडा. उथळ कोरीवकामाला सावल्या मिळाल्या की खाचेचं नाक आणि खरं नाक यांतला फरक लगेच कळतो.