अधोलोक आणि नरक : यांतले काय संपते आणि काय संपत नाही

जालना जिल्ह्यातल्या आमच्या भागात ख्रिस्ती घरी कोणी वारले, की भेटायला सगळी गल्ली येते आणि सतरंजीवर बसल्या बसल्या बोलणे हळूहळू गेलेल्या माणसाच्या पुढच्या प्रवासाकडे वळते. अशाच एका बैठकीत शेजारच्या तात्यांनी, ज्यांच्या घरी वर्षभरापूर्वीच गरुडपुराण लावले होते, विचारले, "तुमच्यात पुन्हा जन्म नाही म्हणता, मग नरकात गेलेला माणूस सुटतो तरी कधी?" उत्तर द्यायला चौघे सरसावले आणि चौघांनी चार उत्तरे दिली. एक म्हणाला, कधीच नाही. दुसरा म्हणाला, जगाच्या शेवटी, न्यायाच्या दिवशी बाहेर काढला जातो. तिसरे गृहस्थ कॅथलिक होते, त्यांनी शुद्धिस्थानाचे, म्हणजे देवाकडे जाण्याआधीच्या तात्पुरत्या शुद्धीचे, नाव घेतले. चौथा म्हणाला, सुटत नाही, नष्ट होतो. चौघेही शास्त्राला धरूनच बोलत होते. फक्त ते एकाच जागेविषयी बोलत नव्हते.

मराठी बायबलमध्ये अधोलोक आणि नरक असे दोन निराळे शब्द आहेत, आणि ते दोन निराळ्या मूळ शब्दांसाठी आलेले आहेत. अधोलोक म्हणजे हिब्रूतला शिओल आणि ग्रीकमधला हेडीस. नरक म्हणजे ग्रीकमधला गेहेन्ना. हर्सूलच्या कारागृहात कच्चे कैदी असतात आणि पक्के कैदीही असतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला भिंत एकच दिसते, पण कच्च्या कैद्याचा निकाल अजून लागायचा असतो आणि पक्क्याचा लागलेला असतो. अधोलोक ही निकालाआधीची जागा आहे, नरक ही निकालानंतरची. हा दाखला पूर्णपणे लागू पडत नाही हे खरे, कारण जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातल्या, अधोलोकात अपराधी आणि निरपराध असे सगळेच उतरतात; तरी कोणत्या जागेला शेवट आहे हे समजण्यापुरता तो उपयोगी आहे.

उत्पत्तीच्या 37व्या अध्यायात योसेफ मेला असे समजून याकोब म्हणतो की मी शोक करीत अधोलोकी माझ्या मुलाकडे जाईन. याकोब हा इस्राएलाचा मूळपुरुष आणि योसेफ हा त्याचा लाडका, निर्दोष मुलगा. दोघांनाही तो नरकात पाठवत नाही, तर मेलेल्यांच्या त्या अंधाऱ्या, निःशब्द ठिकाणाविषयी बोलतो जिथे सर्वांनाच जायचे आहे. ईयोब तर दुःखाच्या भरात देवाला विनवतो की तुझा कोप ओसरेपर्यंत मला अधोलोकात लपवून ठेव. नरकात लपवून ठेव अशी प्रार्थना कोणी करील का? स्तोत्रकर्ता 16व्या स्तोत्रात म्हणतो की देव त्याचा जीव अधोलोकात राहू देणार नाही, आणि पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र याने हेच वचन येशूच्या पुनरुत्थानाला लावले. म्हणूनच प्रेषितांच्या विश्वासांगिकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, वधस्तंभ आणि कबर यांच्यानंतर, ख्रिस्त अधोलोकात उतरला असे आपण म्हणतो. कॅथलिक शिकवण याचा अर्थ असा लावते की तारणाऱ्याची वाट पाहत थांबलेल्या नीतिमानांना त्याने तिथून सोडवले. तो शिक्षा झालेल्यांच्या नरकात गेला, असा तिचा दावा नाही.

घोटाळा खरा सुरू होतो तो लूकच्या शुभवर्तमानाच्या 16व्या अध्यायात. श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांची गोष्ट लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकली नाही असा ख्रिस्ती माणूस विरळा. श्रीमंत मनुष्य ज्वाळांत आहे, जिभेवर पाण्याचा एक थेंब मागतो आहे, मध्ये मोठी दरी आहे. ऐकणाऱ्याच्या मनात नरकाचे जे चित्र कायमचे बसते ते हेच. पण ती जागा गेहेन्ना नाही. तिथे शब्द हेडीस आहे, आणि मराठी भाषांतरकारांनीही तिथे इमानाने अधोलोक असेच लिहिले आहे. शिवाय त्या माणसाचे पाच भाऊ अजून घरी जिवंत आहेत, म्हणजे जगाचा शेवट झालेला नाही, न्यायाचा दिवस आलेला नाही. हा दाखला मरण आणि न्याय यांच्या मधल्या काळाविषयीचा आहे, आणि त्यावरून शेवटल्या शिक्षेच्या मुदतीविषयी निष्कर्ष काढणे हे निकाल लागण्याआधीच जन्मठेप मोजत बसण्यासारखे आहे, असे मला वाटते.

अधोलोकाचा शेवट बायबल स्पष्टपणे सांगते. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात मरण आणि अधोलोक आपल्यातल्या मृतांना बाहेर देतात, त्यांचा न्याय होतो, आणि मग मरण व अधोलोक ही दोन्ही अग्नीच्या सरोवरात टाकली जातात. ते सरोवर म्हणजे दुसरे मरण. तेव्हा अधोलोक सार्वकालिक आहे का या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही असे आहे, आणि याबाबत वाद घालायला फारशी जागा नाही.

गेहेन्नाचे तसे नाही. हे नाव यरुशलेमेच्या दक्षिणेकडील हिन्नोमच्या खोऱ्यावरून आले. तिथे मोलख या दैवताला मुलांचा होम केला जात असे, म्हणून योशीया राजाने ती जागा भ्रष्ट केली आणि यिर्मया संदेष्ट्याने तिला शाप दिला. प्रवचनांत नेहमी सांगितले जाते की पुढे तिथे शहराचा उकिरडा रात्रंदिवस जळत असे. मात्र हे स्पष्टीकरण मध्ययुगीन लेखनाच्या आधी कुठे आढळत नाही, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. नव्या करारात गेहेन्ना हा शब्द 12 वेळा येतो. त्यांपैकी 11 वेळा तो येशूच्याच तोंडी आहे आणि एकदा याकोबाच्या (हा याकोब वेगळा) पत्रात. शरीर आणि आत्मा या दोहोंचा जिथे नाश होऊ शकतो, जिथला किडा मरत नाही आणि अग्नी विझत नाही, ती ही जागा.

दोन्ही शब्दांची सरमिसळ होण्यात इंग्रजीचा मोठा हात आहे. बायबलच्या 1611 च्या इंग्रजी भाषांतरात शिओल हा शब्द 65 वेळा आला असता त्याचे 31 वेळा नरक, 31 वेळा कबर आणि 3 वेळा खड्डा असे रूप झाले, आणि नव्या करारात हेडीस व गेहेन्ना या दोघांनाही जवळपास सर्वत्र एकच शब्द मिळाला. मिशनरी मंडळी त्याच भाषांतरावर वाढलेली होती. जालन्याच्या बाबतीत आणखी एक कारण सांगता येते. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते, आणि त्या परंपरेचा पाया असलेला 1647 चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगिकार म्हणतो की मरणानंतर नीतिमानांचे आत्मे लगेच सर्वोच्च स्वर्गात घेतले जातात, दुष्टांचे नरकात टाकले जातात आणि तिथे न्यायाच्या दिवसासाठी राखून ठेवले जातात. या दोन जागांखेरीज तिसरी जागा शास्त्राला ठाऊक नाही, असेही तो म्हणतो. कॅथलिकांकडेही पोप बारावे बेनेडिक्ट यांनी 1336 मध्ये हेच ठरवून दिले होते की निवाडा मरणाबरोबरच होतो. म्हणजे ज्या दोन मंडळ्या एरवी एकमेकींशी भांडल्या, त्या दोघींनीही कच्ची कोठडी आणि पक्का तुरुंग एकाच आवारात आणून ठेवले. आजी-आजोबांच्या तोंडी अधोलोक हा शब्द फारसा नव्हता, याचे मूळ बहुधा यातच आहे.

शुद्धिस्थानाचा उल्लेख येथे एवढ्यासाठीच की ते या दोहोंपैकी काहीच नाही. कॅथलिक शिकवणीनुसार तिथे जाणारा प्रत्येक जण शेवटी देवाकडेच पोहोचणार असतो. ती तात्पुरती शुद्धी आहे, आणि 2 नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होतो तो त्यांच्यासाठी. प्रॉटेस्टंट मंडळ्या ते मानत नाहीत.

आता मूळ प्रश्न: न्यायानंतरचा नरक कायमचा आहे का? मत्तयाच्या 25व्या अध्यायाच्या शेवटी एकाच वाक्यात सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन असे दोन्ही शब्द येतात, आणि सगळा वाद या एका विशेषणाभोवती फिरतो. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकात मांडलेला युक्तिवाद असा की विशेषण एकच असताना जीवन न संपणारे आणि शिक्षा संपणारी असे म्हणता येणार नाही. पश्चिमेकडील बहुतेक मंडळ्यांनी हाच मार्ग धरला आणि 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने दुष्टांची शिक्षा कायमची आहे असे नोंदवले.

ज्यांना हे पटत नाही ते दोन बाजूंनी बोलतात. ग्रीकमधले एओनिऑस हे विशेषण युग या अर्थाच्या नामापासून बनले आहे, तेव्हा त्याचा पहिला अर्थ येणाऱ्या युगाचे असा होतो आणि मुदतीची गोष्ट नंतर येते, हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो: इब्री लोकांस पत्रात सार्वकालिक मुक्तीविषयी लिहिले आहे, आणि ती मुक्ती ख्रिस्ताने एकदाच मिळवली, ती अखंड चालू राहणारी क्रिया नाही, तिचे फळ अखंड आहे. यहूदाच्या पत्रात सदोम सार्वकालिक अग्नीचा दंड भोगत असल्याचे म्हटले आहे, पण सदोम आज जळत नाही. ते कायमचे राख झाले. याच वाटेने जाणारे म्हणतात की दुसरे मरण म्हणजे मरणच, दुष्ट मनुष्य शेवटी अस्तित्वातून नाहीसा होतो आणि ते नाहीसे होणे न बदलणारे असते. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीची ही अधिकृत शिकवण आहे. मेलेले पुनरुत्थानापर्यंत निद्रिस्त असतात, असेही ती मानते. इंग्लंडमधले सर्वमान्य इव्हँजेलिकल धर्मोपदेशक जॉन स्टॉट यांनी 1988 मध्ये, सावधपणे का होईना, याच मताकडे आपला कल असल्याचे लिहिले तेव्हा बरीच खळबळ झाली होती. या मताला अडचण आहे ती प्रकटीकरणाच्या 20व्या अध्यायातल्या दहाव्या वचनाची, जिथे सैतान आणि त्याचे साथीदार युगानुयुग रात्रंदिवस पीडा भोगतील असे म्हटले आहे. त्याचे उत्तर दृष्टान्ताची भाषा शब्दशः घेऊ नये असे दिले जाते; मला ते अर्धवट वाटते.

तिसरा प्रवाह म्हणतो की अग्नी शुद्ध करणारा आहे आणि अखेर सगळेच देवाकडे येतील. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनने हा विचार मांडला, चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने त्याला जवळ केले. 543 मध्ये सम्राट जस्टिनियनने ओरिगेनच्या मतांविरुद्ध फर्मान काढले आणि 553 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी त्या निषेधाचे नाव जोडले गेले, तरी ग्रेगरीला मात्र कोणी पाखंडी ठरवले नाही; तो आजही संत आहे. इंग्लंडच्या चर्चने 1553 च्या 42 कलमांत सर्वांच्या तारणाचे मत निषिद्ध ठरवले होते आणि दहाच वर्षांनी, कलमे कमी करताना, ते कलम वगळले. मुंबईत जन्मलेले त्याच चर्चचे धर्मोपदेशक फ्रेडरिक फॅरर 1877 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत न संपणाऱ्या यातनांच्या कल्पनेविरुद्ध उभे राहिले ते याच मोकळ्या जागेत.

तात्यांच्या प्रश्नात आणखी एक गाठ होती, ती आपल्या भाषेची. गरुडपुराणातला नरक भोगून संपतो आणि गीतेच्या नवव्या अध्यायातला स्वर्गही पुण्य सरले की संपतो, पुन्हा मृत्युलोकी यावे लागते. आपेगावच्या ज्ञानेश्वरांपासून पैठणच्या नाथांपर्यंत आमच्या संतांनी स्वर्गाला कधी शेवटचा मुक्काम मानले नाही. मिशनरींनी आणि त्यांच्या पंडितांनी नरक व स्वर्ग हे शब्द उचलले तेव्हा ही ये-जा त्यांच्याबरोबर आली. म्हणून तात्यांना विचारावेसे वाटले की माणूस कधी सुटतो. तो शब्द त्यांना हेच शिकवत आला होता.

स्वर्गाच्या बाजूलाही अशीच जोडी आहे, फक्त तिच्याकडे लक्ष कमी जाते. वधस्तंभावरच्या चोराला येशूने सुखलोकाचे वचन दिले. तो विश्वासू मृतांच्या विसाव्याचा मुक्काम. प्रकटीकरणाच्या 21व्या अध्यायातली गोष्ट निराळी आहे: तिथे माणसे वर जात नाहीत, पवित्र नगरी खाली उतरते, आणि नवे आकाश व नवी पृथ्वी दिसते. येथे मराठी वाचकाचा फायदा असा की ग्रीकमधल्या एकाच शब्दासाठी आपल्या बायबलमध्ये कुठे स्वर्ग तर कुठे आकाश येते. त्यामुळे आकाश व पृथ्वी नाहीशी होतील हे वाचून स्वर्गच संपणार की काय अशी भीती आपल्याला वाटत नाही. विसावा संपेल तो पुनरुत्थानाने, आणि त्यानंतरचे जीवन संपणार नाही याविषयी वरच्या तिन्ही प्रवाहांत मतभेद नाही. आमच्या भागातल्या निधनाच्या पत्रिकांवर स्वर्गवासी ऐवजी ख्रिस्तवासी किंवा प्रभूमध्ये निद्रिस्त असे छापतात, आणि मला ते शब्द जास्त नेमके वाटतात, कारण ते जागेचे नावच घेत नाहीत.

त्या दिवशी तात्यांना मी एवढेच सांगू शकलो की आमच्यात एक थांबण्याची जागा आहे, ती संपते. आणि एक निकाल आहे, तो बदलत नाही. निकालानंतर यातना चालू राहतात, माणूस संपतो की शेवटी सुधारतो, यावर आमच्यातच एकमत नाही. त्यांनी विचारले, मग चर्चमध्ये सगळे मिळून काय म्हणता? दर रविवारी उभे राहून म्हणायचा प्रेषितांचा विश्वासांगिकार मी त्यांना म्हणून दाखवला. त्यात अधोलोक आहे, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय आहे, आणि तो शरीराचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन या शब्दांवर थांबतो. सार्वकालिक शिक्षा हे शब्द त्यात नाहीत.