मॉर्फिनने खाज सुटली म्हणजे ॲलर्जीच का?

‘मॉर्फिनने खाज सुटली, मळमळलं, म्हणजे ॲलर्जी, पुन्हा द्यायचंच नाही,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. भीती समजण्यासारखी आहे. पण या एका शब्दापायी अखेरच्या दिवसांतला माणूस मॉर्फिनसारख्या प्रभावी वेदनाशामकाविना कळा सोसत राहतो, हे जिव्हारी लागतं.

मॉर्फिनमुळे शरीरातल्या पेशींतून हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन थेट सुटू शकतं. म्हणून ॲलर्जी नसतानाही खाज येते. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. खरी ॲलर्जी क्वचितच होते: ओठ-जीभ सुजतात, धाप लागते, रक्तदाब घसरतो. तेव्हा मात्र तातडीने मदत घ्या.

फाइलवर लाल पेनाने नुसतं ‘ॲलर्जी’ लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारा: किती डोस होता, किती वेळाने, नेमकं काय झालं? शेरा खोडायचा की ठेवायचा, हे तेच ठरवतील.