जानेवारीत कुणाला आणायचं? ईस्ट बंगालच्या वादाची शंभर वर्षं

२०२४ च्या डिसेंबरात कोलकात्यात ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबची दोन माणसं भेटली की बोलणं एकाच गोष्टीवर येत होतं: जानेवारीत कुणाला आणायचं आणि त्याच्यासाठी कुणाला घालवायचं? इंडियन सुपर लीगचा हंगाम अर्ध्यावर आला होता, आणि जानेवारीत खेळाडू बदलायची ‘खिडकी’ उघडणार होती. संघाने पहिले सहाच्या सहा सामने हरले होते. सातव्यात मोहमेडन स्पोर्टिंगविरुद्ध नंदकुमार आणि महेश नाओरेम हे दोघे पहिल्याच सत्रात लाल कार्ड घेऊन बाहेर गेले, आणि उरलेल्या नऊ जणांनी ०-० असा एक गुण वाचवला. पहिला विजय मिळायला २९ नोव्हेंबर उजाडला. नॉर्थईस्ट युनायटेडवर १-०. जरा कुठे श्वास घेतो तोच डिसेंबरात मादी तलालचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम संपला. साऊल क्रेस्पोही दुखापतीमुळे बाहेर बसला होता.

‘घालवायचं कुणाला’ हा प्रश्न आणण्याइतकाच मोठा का, हे आधी सांगायला हवं. लीगच्या नियमाप्रमाणे तेव्हा एका संघात सहा परदेशी खेळाडू ठेवता येत आणि मैदानावर एका वेळी चारच. सहाही जागा भरलेल्या असतील तर नवा माणूस घेण्याआधी जुन्याची नोंदणी काढावी लागे. त्यामुळे समर्थकांचं भांडण कायम जोडीने चालतं. एकाला स्ट्रायकर हवा असतो, म्हणून तो क्लेटन सिल्व्हाला सोडा म्हणतो. दुसऱ्याला क्लेटनचे जुने गोल आठवतात, म्हणून तो बचावातला परदेशी कमी करा म्हणतो. तिसरा म्हणतो, परदेशी राहू द्या बाजूला, डाव्या-उजव्या बगलेवर भरवशाचा भारतीय बचावपटू आहे का ते सांगा. माझ्या मते यातला तिसरा सर्वांत बरोबर होता, आणि त्याचंच सर्वांत कमी ऐकलं गेलं.

पैसे कमी पडले होते असंही नव्हतं. दिमित्रिओस दियामांताकोस आदल्या हंगामात केरळ ब्लास्टर्सकडून १३ गोल करून लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. तलाल पंजाबकडून सर्वाधिक गोल घडवून आला होता. जीक्सन सिंग, हेक्टर युस्ते, अन्वर अली. कागदावर एवढी तगडी फळी ईस्ट बंगालकडे सुपर लीगमध्ये आल्यापासून कधीच नव्हती. मग बिघडलं कुठे? याचं उत्तर एका हंगामात सापडत नाही.

संघात कोण असावं या वादातूनच तर हा क्लब जन्मला. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार कपात जोडाबागान आणि मोहन बागान (पुढे ईस्ट बंगालचा कायमचा प्रतिस्पर्धी) हे कोलकात्याचे दोन क्लब समोरासमोर होते. जोडाबागानने शैलेश बोस या आपल्या खेळाडूला काहीच कारण न देता वगळलं. उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला घ्या म्हणून सांगून पाहिलं, कुणी ऐकेना, तेव्हा ते क्लब सोडूनच निघाले. चार दिवसांनी, १ ऑगस्टला, ईस्ट बंगाल क्लब स्थापन झाला. नाव पूर्व बंगालचं, कारण मंडळी तिकडची. फाळणीनंतर सीमेपलीकडून निर्वासितांचे लोंढे आले आणि कोलकात्याच्या कडेकडेच्या वसाहतींमध्ये राहू लागले, तेव्हा या क्लबाला नवा अर्थ आला. घर गेलं, जमीन गेली, नाव तेवढं लाल-सोनेरी झेंड्यावर उरलं. संघ जिंकला की त्या घरांत इलिश मासा शिजतो. कोल्हापुरात ज्याने एखाद्या तालमीच्या संघासाठी घसा फोडला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. फक्त पेठेच्या जागी अख्खा हरवलेला मुलूख धरायचा.

एवढा जिव्हाळ्याचा क्लब, पण त्याची सर्वांत गाजलेली आघाडी पूर्व बंगालची नव्हती. १९४९ पासूनच्या चार-पाच वर्षांत वेंकटेश, अप्पा राव, धनराज, अहमद खान आणि सालेह हे पाच जण पुढे खेळत. पाचही दक्षिणेकडचे. कोलकात्याने त्यांना ‘पंचपांडव’ म्हटलं. चिटणीस ज्योतिषचंद्र गुहा यांनी देशभर नजर ठेवून ही माणसं वेचली होती. १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षं आयएफए शिल्ड, म्हणजे बंगालच्या फुटबॉल संघटनेची स्पर्धा, ईस्ट बंगालकडे राहिली. १९४९ मध्ये कलकत्ता लीग, शिल्ड आणि आपल्या मुंबईतला रोव्हर्स कप असे तिन्ही मान एकाच वर्षी मिळाले. निर्वासितांच्या संघात बाहेरचे खेळाडू कशाला, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही, कारण ती माणसं एकत्र आली, एकत्र राहिली आणि वर्षानुवर्षं एकमेकांना चेंडू देत राहिली. आजच्या वादात ही गोष्ट वारंवार आठवावी लागते.

त्या काळी हंगामाच्या अधेमधे खेळाडू बदलायची सोय नव्हती. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवसांत, आयएफएच्या कचेरीत जाऊन खेळाडूने सही करायची. बंगालीत या मोसमाला ‘दलबदल’च म्हणत. प्रतिस्पर्ध्याने पळवू नये म्हणून क्लबचे लोक खेळाडूला सहीच्या दिवसापर्यंत कुठेतरी लपवून ठेवत आणि गराडा घालून कचेरीत आणत. पण एकदा सही झाली की वर्षभर तोच संघ. समर्थकांना जे भांडायचं ते त्या चार दिवसांत, नंतर आहे त्या माणसांना गळ्यातून ओरडून बळ द्यायचं. १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षं ईस्ट बंगालने कलकत्ता लीग जिंकली. १९७२ पासून प्रदीपकुमार बॅनर्जी प्रशिक्षक होते. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला ५-० ने हरवलं, तो दिवस या माणसांच्या घरात सणासारखा सांगितला जातो.

अशा सुबत्तेतही खिंडार पडलंच. १९८० मध्ये बरेच प्रमुख खेळाडू एकदमच मोहमेडन स्पोर्टिंगकडे गेले. संघ उभा करायचा कशातून? तेव्हा अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकणारे इराणी तरुण मजीद बिश्कर आणि जमशेद नासिरी यांना आणलं गेलं. त्या वर्षी फेडरेशन कप मोहन बागानबरोबर विभागून मिळाला आणि कूपरेजवर रोव्हर्स कप मोहमेडनबरोबर विभागून. जे सोडून गेले त्यांच्याच नव्या संघाबरोबर! मजीदचा खेळ पाहिलेले लोक अजून त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलतात. २०१९ मध्ये क्लबच्या शताब्दीसाठी तो परत आला तेव्हा विमानतळावर रात्री गर्दी उसळली होती. संकटात असताना बाहेरून एक जादूगार येतो आणि सगळं सावरतो, ही आशा ईस्ट बंगालच्या मनात बहुधा तिथूनच रुजली. जानेवारीच्या वादात तीच बोलते.

नव्वदीनंतर पैशाचं गणित बदललं. १९९८ मध्ये युनायटेड ब्रुअरीज आली, आणि याच उद्योगसमूहाने मोहन बागानलाही पैसा पुरवला. तो काळ वाईट नव्हता: राष्ट्रीय लीग तीनदा, आणि २००३ मध्ये प्रशिक्षक सुभाष भौमिक यांच्या हाताखाली जकार्तात आसियान क्लब स्पर्धा. अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरो सासानावर ३-१. २०१२ मध्ये सिलीगुडीत धेंपोला हरवून फेडरेशन कप. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवर बारा वर्षं काहीच नाही. २०१८-१९ च्या आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत चेन्नई सिटीपेक्षा एका गुणाने मागे राहिले, ते दुःख वेगळंच.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. २०१८ मध्ये क्वेस ही बंगळूरची कंपनी आली, २०२० च्या मे महिन्यात गेली. सप्टेंबर २०२० मध्ये श्री सिमेंट आली, २०२२ च्या वसंतात गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये इमामीशी करार झाला. चार वर्षांत तीन गुंतवणूकदार. प्रत्येक वेळी खेळाचे हक्क कुणाकडे, क्लबच्या जुन्या पदाधिकाऱ्यांचा शब्द कुठवर चालणार, यावर महिनोन्‌महिने घोळ. जुलै २०२१ मध्ये अंतिम करारावर सही होईना म्हणून समर्थक क्लबच्या तंबूसमोर (कोलकात्यात क्लबच्या मुख्यालयाला तंबूच म्हणतात) जमले, तेव्हा त्यांच्यातच जुंपली आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. बाकीचे संघ त्या जुलैत सराव आखत होते.

२०२० चा संघ कसा बनला तेही पाहा. सुपर लीगमध्ये प्रवेश २७ सप्टेंबरला जाहीर झाला आणि पहिला सामना २७ नोव्हेंबरला, तोही मोहन बागानशी, वास्कोच्या टिळक मैदानावर. दोन महिन्यांत प्रशिक्षक रॉबी फाउलरसह अख्खा संघ! कोविडमुळे सगळी लीग गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. पहिले तीन सामने हरले, एकही गोल झाला नाही. मग जानेवारीत नायजेरियाचा ब्राइट एनोबाखरे आला. ३ जानेवारीला ओडिशावर ३-१ असा पहिला विजय, त्यात ब्राइटचा गोल. तीन दिवसांनी एफसी गोवाविरुद्ध त्याने एकामागून एक बचावपटू मागे टाकत, गोलकीपरलाही चकवत जो गोल केला, तो मी कितीदा पाहिला असेल याची मोजदाद नाही. मजीदचे नातू भेटले असं वाटलं. संघ मात्र अकरांत नववा आला.

पुढच्या वर्षी तर वीस सामन्यांत एकच विजय आणि सर्वांत तळाचं स्थान. तो एक विजयही एफसी गोवावर, १९ जानेवारी २०२२ रोजी, महेश नाओरेमच्या दोन गोलांनी. २०२२-२३ मध्ये इमामीचा करार ऑगस्टमध्ये झाला आणि ऑक्टोबरात लीग सुरू. क्लेटन सिल्व्हाने १२ गोल केले, तरी पुन्हा नववा क्रमांक.

मग प्रशिक्षक म्हणून कार्लेस कुआद्रात आले आणि पहिल्यांदाच वेळेवर संघ बांधला गेला. २०२३ मध्ये ड्युरँड कपाची अंतिम फेरी गाठली. २८ जानेवारी २०२४ रोजी भुवनेश्वरात ओडिशाला जादा वेळेत ३-२ ने हरवून सुपर कप जिंकला, विजयी गोल क्लेटनचा. बारा वर्षांची कोरड संपली. आणि नेमक्या त्याच जानेवारीत, संघ लयीत असताना, तो मोडला गेला. मधल्या फळीतला बोर्हा हेरेरा गोव्याला गेला, पुढचा हाविएर सिव्हेरिओ जमशेदपूरला. त्यांच्या जागी व्हिक्टर व्हास्केझ आणि फेलिसिओ ब्राउन आले. मोठी नावं आली म्हणून तेव्हा टाळ्या वाजल्या, हे मी विसरलेलो नाही. लीगमध्ये पुन्हा नववे.

२७ सप्टेंबर २०२४ रोजी कोलकात्यात एफसी गोवा ३-२ ने जिंकला. गोव्याचे तिन्ही गोल बोर्हा हेरेराचे. तीन दिवसांनी कुआद्रात यांनी पद सोडलं. तारीख ३० सप्टेंबर, १९७५ मधल्या पाच गोलांच्या त्या दिवसाला बरोबर ४९ वर्षं झाली होती. जो माणूस आठ महिन्यांपूर्वी जानेवारीत जाऊ दिला त्याच्याच पायाने घाव बसला. डिसेंबरातल्या वादांत ‘आणा, आणा’ म्हणणाऱ्यांपुढे याहून मोठा पुरावा नव्हता.

ऑस्कर ब्रुझोन यांनी प्रशिक्षक म्हणून सूत्रं घेतली तेव्हा अन्वर अलीचं प्रकरणही मागे होतंच. मोहन बागानशी करार तोडून ईस्ट बंगालकडे आल्याबद्दल भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याला चार महिने बंदी, १२.९० कोटींची भरपाई आणि ईस्ट बंगालला दोन नोंदणी-खिडक्या बंद अशी शिक्षा सुनावली होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तो खेळत राहिला. तो आदेश टिकला असता तर जानेवारीत वाद घालायलाही काही उरलं नसतं.

ब्रुझोननी संघाला उभं केलं, हे मान्य करायलाच हवं. ऑक्टोबरअखेर भूतानमध्ये एएफसी चॅलेंज लीग या आशियाई क्लब स्पर्धेच्या गटात बसुंधरा किंग्जवर ४-० आणि लेबनॉनच्या नेजमेहवर ३-२ असे विजय मिळवून पहिला क्रमांक. १७ डिसेंबरला पंजाबविरुद्ध मध्यंतरापर्यंत ०-२, शेवटी ४-२. त्या सामन्यात विष्णू आणि डेव्हिड या आपल्याच पोरांनी गोल केले. पण ११ जानेवारीला गुवाहाटीत मोहन बागानने दुसऱ्याच मिनिटाला जेमी मॅक्लारेनच्या गोलाने पुढे जाऊन १-० अशी डर्बी, म्हणजे या दोन प्रतिस्पर्ध्यांची लढत, नेली, आणि पुन्हा सगळे खिडकीकडे डोळे लावून बसले.

आले कोण? व्हेनेझुएलाचा रिचर्ड सेलिस आणि पूर्वी केरळकडून खेळलेला कॅमेरूनचा राफाएल मेसी बौली. दोघेही पुढे खेळणारे. बगलेवरच्या भारतीय बचावपटूचा प्रश्न होता तिथेच राहिला. फेब्रुवारीत संघाने सलग तीन सामने जिंकले, तरी बाद फेरीसाठी पहिल्या सहांत जायला ते पुरले नाहीत. २८ गुण, तेरा संघांत नववा.

मार्चमध्ये चॅलेंज लीगची उपांत्यपूर्व फेरी होती, तुर्कमेनिस्तानच्या अर्कादागशी. कोलकात्यातला सामना ०-१ असा गेला. परतीच्या सामन्यात पहिल्याच मिनिटाला मेसी बौलीने गोल केला आणि दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली. मग लालचुंगनुंगा लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. उरलेल्या दहा जणांनी बराच वेळ झुंज दिली. सामना संपता संपता अर्कादागने दोन गोल केले.