टेबलावरचा उजेड, डोळ्यांवरचा उजेड

अ‍ॅट्रियम म्हणजे काचेच्या छपराखालचा चौक. आज तो कंपनीचा थाट दाखवतो, पण कचेऱ्यांत तो शिरला गरजेपोटी. शिकागोच्या रूकरी इमारतीत (१८८८) चारी बाजूंनी खोल्या आणि मधे उजेडाची विहीर आहे. विहिरीच्या भिंतींना पांढऱ्या, झिलईदार विटा आहेत, कारण खोल जाणारा उजेड भिंतींवरून उसळत उसळतच खाली पोचतो. भिंत काळपट झाली की तळमजला अंधारलाच.

१९०६ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोत वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी लार्किन कंपनीची इमारत बांधली. पाच मजली चौक, वर काच, आत फिकट पिवळसर विटा. शेजारच्या रेल्वेचा धूर नको म्हणून इमारत बंदिस्त ठेवलेली. बाहेरच्या भिंतीला फायलींची कपाटं आणि त्यांच्या वर खिडक्या. कारकुनाच्या कागदावर उजेड भरपूर, पण बसल्या जागेवरून बाहेरचं काही दिसत नसे. मला ही उणीव फार मोठी वाटते. १९५० मध्ये ती इमारत पाडली.

१९३८ पासून ट्यूबलाइट बाजारात आली, जोडीला एसी, आणि खिडकीपासून दूर टेबलं मांडायला कुणाची हरकत उरली नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर मात्र विजेचं बिल बोचू लागलं. कॅलिफोर्नियात सनीवेल इथल्या लॉकहीडच्या इमारतीत (१९८३) मधे अ‍ॅट्रियम आणि खिडक्यांशी आडव्या फळ्या बसवल्या. त्यांच्यावर पडलेला उजेड छताकडे परततो आणि आत खोलवर पसरतो.

नेमका त्याच काळात टेबलावर संगणक आला. कागद आडवा असतो, स्क्रीन उभा. वरच्या मजल्यावर त्यावर काचेच्या छपराचं प्रतिबिंब पडतं, डोळे चुरचुरतात, कुणीतरी पडदा ओढतं आणि दिवसाढवळ्या ट्यूब लागते. तळमजल्यावर ती तशीही चालूच असते.

हे हिशेबात यायला उशीर झाला, कारण जुनं माप होतं डेलाइट फॅक्टर: ढगाळ आभाळाखाली बाहेरच्या उजेडाचा किती टक्का टेबलापर्यंत येतो. त्यात ऊन धरलेलंच नाही. २००५ मध्ये नबील आणि मार्दाल्येविच या संशोधकांनी वर्षभरातला १०० ते २००० लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड उपयोगाचा मानला; त्याहून जास्त तो त्रासाचा. २००६ मध्ये वीनोल्ड आणि क्रिस्तोफर्सन यांनी चकाकीचं नवं माप मांडलं. त्यासाठी उजेड टेबलावर मोजत नाहीत; बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, तो जिकडे पाहतो तिकडे तोंड करून मोजतात.