वाडा ‘धोकादायक’ ठरतो तेव्हा: पार्श्वभूमी

खान्देशातील पेठांमधले धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, वाडे पाडण्यावरून वाद उठला की चर्चा पेशवाईपर्यंत मागे नेली जाते. मात्र वाडा वाचतो की पडतो, हे ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी गेल्या पाऊणशे वर्षांतल्या आहेत. 1860 च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला भाव चढला आणि व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला, एवढी मागची नोंद पुरेशी आहे.

1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने शहरांतील भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधले. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, परंतु मूळ भाडेच नाममात्र असल्याने त्या वाढीत धाब्यावर टाकायच्या मातीचा खर्चही निघत नव्हता. धाब्याला ही माती वेळच्या वेळी लागते. मालक पुण्याला किंवा सुरतेला गेला आणि दोन-चार पावसाळे तसेच गेले, की पाणी भिंतीत उतरते.

येथून ‘धोकादायक’ या शब्दाचा गुंता सुरू होतो. धुळे आणि जळगाव येथे 2003 मध्ये महानगरपालिका आल्या आणि तेथे 1949 च्या महानगरपालिका कायद्याचे कलम 264 लागू झाले. नगरपालिकांच्या गावांत 1965 च्या कायद्याचे कलम 195 आहे. कलम 264 नुसार मोडकळीस आलेले बांधकाम पाडण्यास, सुरक्षित करण्यास, हटवण्यास किंवा दुरुस्त करण्यास सांगता येते. म्हणजे दुरुस्तीचा पर्याय कायद्यातच आहे. तरीही नोटीस हाती पडली की मालक, भाडेकरू आणि पुष्कळदा नोटीस देणारेही ‘पाडा’ एवढेच वाचतात. त्यात भाडेकायद्यानुसार, पालिकेने पाडण्याचा आदेश दिला असेल तर भाडेकरूकडून ताबा मागता येतो; त्यामुळे ज्याला जागा मोकळी हवी आहे त्याला हा शब्द सोयीचा पडतो. असा हेतू प्रत्येक ठिकाणी असतो असे नाही, पण तो नसतोच असे मानणे भाबडेपणाचे होईल.

तांत्रिक बाजूही दुर्लक्षित राहते. ज्या वाड्यांत भार सागवानी खांब-तुळयांवर असतो, तेथे मातीची भिंत फुगली तरी सांगाडा शाबूत असू शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र फुगलेली भिंतच दिसते. वाडा पाडल्यावर त्याच ‘जीर्ण’ लाकडाला जुन्या सागाच्या बाजारात चांगला भाव येतो, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

संरक्षणाचे कायदे जुने आहेत: केंद्राचा 1958 चा, राज्याचा 1960 चा. त्यांचा भर किल्ले, लेणी आणि मंदिरे यांवर राहिला. राहत्या घरांसाठी वारसा नियमावली मुंबईत 1995 मध्ये आली. राज्यातील बहुतेक शहरांसाठीच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही तशा तरतुदी आहेत. परंतु त्यांचा आधार घ्यायचा तर वाडा आधी वारसा यादीत असावा लागतो, आणि रहिवासी यादीची चौकशी करू लागतात ती बहुधा नोटीस दारावर चिकटल्यानंतरच. जुन्या जळगावातील एका कवयित्रीचे घर स्मृतिस्थळ म्हणून जपले गेले, त्यामागे तिच्या ओव्यांची पुण्याई होती. शेजारच्या गल्लीतील सावकाराच्या वाड्यापाशी तसे काही नसते.