खुर्चीचं तोंड कुठं आहे ते बघा: अभ्यासिका आणि वाचनालय

दर दोन-तीन महिन्यांनी कोणत्या ना कोणत्या गावच्या ग्रुपवर तोच फोटो येतो. कापलेली रिबीन, पंधरा-वीस पाहुणे, मागे नवा हॉल, खाली लिहिलेलं "आपल्या गावात अत्याधुनिक वाचनालय". फोटो झूम केला की प्लायवूडचे कप्पे दिसतात, प्रत्येकात एक खुर्ची, एक चार्जिंग पॉइंट. अरे बाप्पा, ही अभ्यासिका आहे! चांगलीच गोष्ट आहे, माझा काही विरोध नाही, फक्त तिले वाचनालय म्हणू नका, कारण एकदा तसं म्हटलं की वाचनालय "झालं" असं सगळे धरून चालतात आन् मग पुढची वीस वर्षं तो विषय निघतच नाही.

अभ्यासिका काय ते सांगायची गरज नाही. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, सकाळी ग्राउंड मारून आलेले पोट्टे, स्वतःची पुस्तकं, ठरलेली सीट, मोबाईल सायलेंट. झालं.

काही लोक "वाचनालय की ग्रंथालय" यावर तास तास भांडतात. महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात सार्वजनिक ग्रंथालय म्हटलंय, गावातल्या पाटीवर वाचनालय लिहितात, दोन्ही चालते, सोडा. एसी की कूलर, वायफाय आहे का नाही, यानंही काही ठरत नाही.

ठरते ते खुर्चीवरून. अभ्यासिकेत खुर्चीचं तोंड भिंतीकडं असते, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथं दुसरा माणूस दिसणं म्हणजे डिस्टर्ब. वाचनालयात खुर्चीचं तोंड दुसऱ्या खुर्चीकडं, खिडकीकडं, पेपरच्या टेबलाकडं पाहिजे. एवढ्या एका गोष्टीतून बाकीचं सगळं बदलते. अभ्यासिकेत खुर्ची महिनाभर एकाची, वाचनालयात जो आला त्याची, दहा मिनिटं बसला तरी. अभ्यासिकेत शांतता हा पूर्ण इमारतीचा नियम. वाचनालयात शांतता ही इमारतीतली एक जागा आहे, आणि लोक अडकतात ते इथंच. "लोक बोलायले लागले तं पोट्टे अभ्यास कुठं करतीन?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसू येते.

उत्तर सोपं आहे, आवाज दाराजवळ ठेवा आणि आत जाता जाता कमी करा. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, 2018 साली ऊडी नावाचं वाचनालय उघडलं, तिथं हेच केलंय, खाली चौकासारखी मोकळी जागा आन् कॅफे, मधे शिवणयंत्रं आणि वर्कशॉप, पुस्तकं सगळ्यात वरच्या मजल्यावर. आपल्याकडं तीन मजले नाहीत, गरजही नाही. आपल्याकडं छपरी आहे, म्हणजे दारापुढची पडवी. छपरीत पेपर आणि बाकडी, तिथं म्हातारे लोक कापसाच्या भावावर काय भांडायचं ते भांडतील, चप्पलही काढायची गरज नको. मधल्या हॉलमधे पोरांची पुस्तकं, सतरंजी, बचत गटाच्या बाया बसतील असं मोठं टेबल. मागची खोली, दार लागणारी, ती अभ्यासाची. म्हणजे अभ्यासिका वाचनालयाच्या पोटात मावते. उलटं मावत नाही, करून बघा.

आणि मधल्या हॉलमधे टाइल्स, कोऱ्या भिंती आणि वर स्लॅब असा डबा बांधू नका, एक पोरगं खोकललं तरी चार वेळा ऐकू येते. भिंतीला पुस्तकांची मांडणी लावली की आवाज बराच मरतो. मधल्या मांडण्या कमरेइतक्याच उंच ठेवा. उंच कपाटामागं कोण बसलंय ते दारातून दिसत नाही आणि दारातून दिसत नसलं की आमच्याकडची सून-पोरगी आत पाय टाकत नाही, मग तुम्ही महिला कोपऱ्याची कितीही पाटी लावा. दारासमोर पानठेला असला तरी तेच. आणि संडास-बाथरूम! नकाशात असते, बांधल्यावर तिथं खुर्च्या कोंबलेल्या असतात.

लोखंडी कपाटाचं कुलूप तर माझ्या डोक्यातच जाते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मधे ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले, त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरासाठी आहेत. आमच्याकडं ती ऑडिटसाठी असतात.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. "गप्पाच मारायच्या तर समाजमंदिर आहे ना, वेगळं काहून?" समाजमंदिर कार्यक्रम असला की उघडते, बारसं, मयतीनंतरची बैठक, प्रचारसभा. तिथं जायले कारण लागते. वाचनालयात कारण नाही लागत, मे महिन्यात पारा 45 वर गेला न् घरात टिनाखाली बसवत नाही एवढंही चालते. येणारा माणूस पुस्तक उघडेलच असं नाही, उघडावं म्हणून त्याच्यावर नजरही ठेवू नका.

फक्त वेळ. मी पाहिलेल्या एका गावात हॉल मस्त होता, छपरी होती, बुटक्या मांडण्या होत्या, सगळं जमलं होतं, आणि पाटीवर "सकाळी 10 ते सायंकाळी 5". कापूस वेचणीच्या दिवसांत त्या वेळी गावात राहते कोण? बाया दिवस बुडता बुडता घरी येतात, मग चूल. त्यांच्यासाठी दार रात्री 8 ते 9 उघडं पाहिजे, छपरीत लाइट पाहिजे, आणि चावी अशा घरी पाहिजे जिथं रात्री जाऊन मागायले त्यांना संकोच वाटणार नाही.